सात पाखरं आणि एक म्हातारी

मागं आवाज येतोय ना? बरं. पुनर्वसन हा शब्द कऱ्हाडात कुणाला समजावून सांगायची गरज नाही, कोयनेच्या धरणात उठलेल्या गावांची माणसं तुमच्या घरात, सोयऱ्यात असतील, प्लॉट मिळाला म्हणजे गाव मिळालं असं नसतं हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहितीय. मी आज पाखरांच्या पुनर्वसनाबद्दल बोलणारे, आणि तिथंही गाडी नेमकी इथंच अडते.

न्यूझीलंडच्या पूर्वेला चॅटम बेटं आहेत. तिथला ब्लॅक रॉबिन म्हणजे चिमणीएवढं काळंभोर पाखरू. माणसाबरोबर मांजरं आली, उंदीर आले, जंगल गेलं आणि हे पाखरू लिटल मांगेरे नावाच्या उभ्या कड्याच्या बेटावर तेवढं उरलं. 1976 मध्ये किती, तर सात! मग ते पकडून, कडा उतरवून, शेजारच्या मांगेरे बेटावर नेले. आणि नुसते नेऊन सोडले असं नाही हां, तिथं झाडं लावायचं काम आधीच सुरू केलं होतं, एकूण 1,20,000 च्या आसपास रोपं.

तरी 1980 ला उरले पाच. त्यात पिल्लं काढणारी मादी एकच, तिच्या पायात निळी रिंग म्हणून नाव ओल्ड ब्लू, आपली निळी म्हातारी. न्यूझीलंडच्या वन्यजीव खात्यातले डॉन मर्टन आणि त्यांच्या टीमनं काय केलं, तिची अंडी उचलून टिट नावाच्या दुसऱ्या पाखराच्या घरट्यात ठेवली, की म्हातारी परत अंडी घालायची. कोकिळा कावळ्याला फसवते तेच, फक्त कोकिळेचं काम माणसं करत होती. त्याआधी वॉर्बलर नावाच्या पाखराच्या घरट्यातही ठेवून बघितली, पण त्याला ती पिल्लं पोसणं जमेना. आज रॉबिन अडीचशेच्या आसपास आहेत आणि सगळे त्या म्हातारीचे वंशज.

आता गंमत ऐका, मला तर हे सगळ्यात भारी वाटतं. काही माद्या अंडं घरट्याच्या काठावर घालायच्या, असं अंडं उबत नाही, वाया जातं. कार्यकर्ते बिचारे ते बोटानं हळूच आत ढकलायचे. झालं काय, ही खोड असलेल्या माद्यांचीही पिल्लं जगली, खोड पुढच्या पिढीत गेली, आणि शेवटी निम्म्याहून जास्त माद्या काठावर अंडी घालायला लागल्या! मग ढकलणं बंद केलं तशी ती खोड कमी होत गेली. लाडानं पोर बिघडतं म्हणतात तसं, फक्त इथं थेट रक्तातच.

सगळ्यांचं नशीब असं नसतं. न्यूझीलंडच्याच बिग साऊथ केप बेटावर 1964 मध्ये उंदरांचा सुळसुळाट झाला, तिथले सॅडलबॅक नावाचे 36 पक्षी उचलून उंदीर नसलेल्या बेटांवर नेले म्हणून ती जात वाचली. बुश रेन नावाचं पाखरूही हलवलं, पण मिळालेच सहा. ते टिकले नाहीत, संपली जात.

आपल्याकडं अंदमानात नारकोंडम बेट आहे, जेमतेम सात चौरस किलोमीटर, आणि तिथला धनेश जगात दुसरीकडं कुठंच नाही. मग थोडे उचलून दुसऱ्या बेटावर का ठेवत नाहीत, असं मला पोरं कायम विचारतात. मी म्हणतो ठेवूया की, पण त्याच्या मादीला अंडी घालायला जुन्या जाडजूड झाडाची ढोली लागते, आणि ती रोपं लावून दहा वर्षांत होत नसते.