बावीसशे कोटी आले, मग डाळिंबाचं रोप कुठं आहे?

नमस्कार मंडळी! सांगोला, मंगळवेढा, पंढरपूर, सगळीकडून एकच कमेंट येतेय: "स्वच्छ रोप योजनेला सरकारनं बावीसशे कोटी दिले, मग आम्हाला रोप का मिळंना?" स्वच्छ रोप योजना म्हणजे फळझाडांची रोगमुक्त रोपं शेतकऱ्याला मिळावीत म्हणून केंद्राची योजना. आज तेच बोलू.

आधी पटकन पाया. २०२५-२६ ला केंद्राच्या कृषी मंत्रालयाची तरतूद सुमारे १ लाख ३७ हजार कोटी. त्यातले ६३,५०० कोटी एकट्या पीएम-किसानचे.   

अडतं ते इथं. आकडा ऐकला की विचारा, हा कुठल्या टप्प्यावरचा आहे? फेब्रुवारी २०२३ च्या अर्थसंकल्पाच्या भाषणात या योजनेला २,२०० कोटी जाहीर झाले. ऑगस्ट २०२४ मध्ये मंत्रिमंडळानं मंजूर केले १,७६५ कोटी ६७ लाख. मधे दीड वर्ष गेलं. म्हणजे "दिले" नाही, "जाहीर केले".

दुसऱ्या बाजूनं बघा. हे १,७६५ कोटी एका वर्षाचे नाहीत आणि एकट्या सोलापूरचेही नाहीत. देशात नऊ स्वच्छ रोप केंद्रं व्हायची आहेत. महाराष्ट्रात द्राक्षाला पुणे, संत्र्याला नागपूर आणि डाळिंबाला आपलं सोलापूर.

(स्क्रीनवर अर्थसंकल्पाचा तक्ता)

आता तिसरी बाजू. हे रकाने बघा: अर्थसंकल्पीय अंदाज म्हणजे वर्षाच्या आधी मांडलेला, सुधारित अंदाज म्हणजे वर्ष चालू असताना बदललेला, आणि शेवटी प्रत्यक्ष खर्च. पीएम-किसानला २०२४-२५ चा पहिला अंदाज ६०,००० कोटी होता, सुधारित झाला ६३,५००. आकडा वर जातो, खालीही येतो. बातमीत येतो तो बहुतेक वेळा पहिला. व्हॉट्सॲपवर तोच फिरतो, कुणी शेतकऱ्यांच्या संख्येनं भागून "तुमच्या वाट्याला इतके" असंही लिहितं. कृपा करून हा भागाकार करू नका. पैसा कुठं अडलाय ते त्यातून कधीच कळत नाही.

एकानं लिहिलंय, "रोपाच्या तपासणीवर कशाला खर्च, सरळ कर्जमाफी करा." दादा, तुमचा राग समजतो. पण आमच्या मामांची भगव्याची, म्हणजे भगवा वाणाच्या डाळिंबाची, बाग तेल्या या जिवाणूच्या रोगानं गेली. पानावर तेलकट डाग, मग फळं तडकलेली, शेवटी झाडं उपटली. रोपं आणली होती गुटी कलमाची, म्हणजे झाडाच्या फांदीलाच मुळं फोडून केलेली, दिसायला हिरवीगार. रोगट बागेतल्या झाडावर गुटी बांधली की जिवाणू रोपासोबत आपल्या रानात येतो, वरून काही कळत नाही. पुढं पाऊस आणि छाटणीची कात्री त्याला बागभर नेतात. बाग गेल्यावर मिळणाऱ्या मदतीनं मामांची गेलेली वर्षं परत येत नाहीत. म्हणून रोग येण्याआधी खर्च झालेला पैसा मला जास्त मोलाचा वाटतो.

स्वच्छ रोप म्हणजे तरी काय? आधी प्रयोगशाळेत तपासलेला मातृवृक्ष, म्हणजे ज्याच्यापासून रोपं करायची ते झाड, त्यापासून मान्यताप्राप्त रोपवाटिकेत रोपं, मग तुमचं शेत. एवढ्या पायऱ्या आहेत, म्हणून मंजुरीनंतर लगेच रोप हातात पडत नाही. पण "पडत नाही" म्हणून गप्पही बसू नका. आमदार-खासदार गावात आले की विचारा: सोलापूरच्या केंद्राला यंदा किती निधी वितरित झाला? "किती जाहीर झाला" असं विचारलंत, तर उत्तर पुन्हा भाषणातलंच मिळेल.

तोवर रोप घेताना राष्ट्रीय बागवानी मंडळाचं मानांकन असलेली रोपवाटिका बघा, पक्की पावती घ्या. केगावच्या राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्रात जाऊन सल्ला घ्या, आपल्या जिल्ह्यातच आहे ते. ज्या बागेतून गुटी बांधली ती बागही स्वतः पायी फिरून बघा. आणि ते पावसाळ्यात बघा, कारण तेल्या तेव्हाच जोर धरतो, उन्हाळ्यात डाग सहज नजरेस पडत नाहीत.