650 आरपीएमचं लिस्टर: राजकोटचं जुनं 6/1 इंजिन खोललं, मोजलं आणि पुन्हा बांधलं

नमस्कार मंडळी. माझ्या शेजारी हे जे हिरवं धूड उभं आहे, त्याचं वजन तीन-साडेतीनशे किलो. आणि ताकद? सहा हॉर्सपॉवर. तुमच्या दारातल्या स्कूटरची याहून जास्त असेल. शेडमध्ये येणारा प्रत्येक जण हेच विचारतो, की सहा हॉर्सपॉवरसाठी एवढं लोखंड कशाला? आज त्याचं उत्तर देतो, आणि मग हे इंजिन आम्ही कसं खोललं, काय मोजलं, काय बदललं ते दाखवतो.

हे इंजिन शहापूर तालुक्यातल्या एका भाताच्या गिरणीवर चालायचं. गिरणीला थ्री फेज आली, मोटर बसली, आणि हे कोपऱ्यात गेलं. आता ते नवी मुंबईत रबाळ्याला आमच्याकडे आलंय.

मूळ डिझाईन इंग्लंडचं. ग्लुस्टरशायरमधलं डर्सली हे गाव, तिथली आर. ए. लिस्टर कंपनी. साधारण 1930 च्या सुमाराला त्यांनी 'सीएस' म्हणजे 'कोल्ड स्टार्ट' नावाचं इंजिन बाजारात आणलं. त्याआधीची बरीचशी ऑइल इंजिनं चालू करायची तर आधी ब्लो लॅम्पने त्यांचं डोकं तापवत बसावं लागायचं. हे थंडच्या थंड हँडल मारून चालू व्हायचं, म्हणून कोल्ड स्टार्ट. पहिलं मॉडेल 5/1, म्हणजे पाच हॉर्सपॉवर, एक सिलेंडर, 600 आरपीएम. पुढे 6/1 आलं, 650 आरपीएमचं. डर्सलीत हे इंजिन 1987 पर्यंत बनत होतं. आणि आपल्याकडे राजकोटच्या फाउंड्र्यांनी त्याची कॉपी इतकी काढली, की गावाकडे लिस्टर म्हटलं की बहुतेक वेळा राजकोटचंच निघतं. हेसुद्धा राजकोटचंच.

आता फळ्याकडे या.

लिस्टर 6/1 चा बोर, म्हणजे सिलेंडरचा आतला व्यास, 114.3 मिलिमीटर, स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वर-खाली धाव, 139.7, म्हणजे 1433 सीसी. शेजारी मी मुद्दाम आपल्या ओळखीचं दुसरं इंजिन लिहितो, किर्लोस्करचं एव्ही-1, जे महाराष्ट्रात विहिरी-विहिरींवर बसलं. बोर 80, स्ट्रोक 110, 553 सीसी, पाच हॉर्सपॉवर, 1500 आरपीएम.

दोन्ही फोर स्ट्रोक. म्हणजे दोन फेऱ्यांत एकदाच जोर मिळणार. लिस्टरमध्ये मिनिटाला 325 वेळा, एव्ही-1 मध्ये 750 वेळा. सहा हॉर्सपॉवर म्हणजे साधारण 4475 वॅट. ते 325 धक्क्यांत वाटा: एका धक्क्याला सुमारे 826 ज्यूल. एव्ही-1 चे 3.7 किलोवॅट 750 धक्क्यांत वाटा: 296 ज्यूल. आता दोन्ही आकडे आपापल्या सीसीने भागा. लिस्टरला दर सीसीमागे 0.58, एव्ही-1 ला 0.54. जवळजवळ सारखंच!

म्हणजे लिस्टरच्या सिलेंडरमधला दाब काही फार कमी नाही. 'जुनं इंजिन आहे, निवांत चालतं, आत काही ताण नसतो' असं जे म्हणतात ते चूक आहे. प्रत्येक धक्का जबरदस्तच आहे, फक्त मिनिटाला तो कमी वेळा येतो. पिस्टनचा सरासरी वेग काढला तर इथे सेकंदाला तीन मीटर, एव्ही-1 मध्ये साडेपाच. एका तासात पिस्टनच्या रिंगा लायनरवर, म्हणजे सिलेंडरच्या आतल्या नळीवर, जेवढ्या घासल्या जातात ते अंतरच जवळजवळ अर्धं. या इंजिनाचं आयुष्य तिथे आहे. आणि दोन धक्क्यांच्या मध्ये जवळजवळ दोन-दशांश सेकंद जातात, तेवढा वेळ क्रँक, म्हणजे इंजिनाचा मुख्य दांडा, फिरता ठेवायला हे दोन मोठे फ्लायव्हील, म्हणजे ही जड चाकं, लागतात. लोखंड गेलं ते असं.

डिझाईनमधली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट आता हातात घेतो. हेड, म्हणजे सिलेंडरचं वरचं झाकण, जरा फिरवतो. इथे बाजूला भोक दिसतंय? मूळ लिस्टरमध्ये इथे छोटं हँडव्हील असलेला चेंजओव्हर व्हॉल्व्ह असतो. हेडमध्ये जळणासाठी एक जास्तीची पोकळी आहे, आणि हा व्हॉल्व्ह ती पोकळी बंद किंवा उघडी करतो. चालू करताना आत आवळला की पोकळी बंद, कॉम्प्रेशन रेशो, म्हणजे हवा किती पट दाबली जाते तो आकडा, 19 च्या आसपास जातो, हवा जास्त तापते, थंडीतही डिझेल पेटतं. लोड आल्यावर व्हॉल्व्ह बाहेर घ्यायचा, रेशो 15 च्या आसपास उतरतो आणि बेअरिंगवरचा मार कमी होतो. एका हँडव्हीलने चालत्या इंजिनाचा कॉम्प्रेशन रेशो बदलायचा, तोही त्या काळात! राजकोटच्या पुष्कळ इंजिनांत हा व्हॉल्व्ह गाळलेला असतो. इथेही भोकात नुसता प्लग ठोकलाय. आपल्या हवामानात त्यावाचून अडत नाही, हे खरं. पण मला त्याची हळहळ वाटतेच.

चला, खोलायला घेऊ.

पहिला अडथळा फ्लायव्हीलचा. ते क्रँकवर गिब चावीने बसवलेलं असतं. ही बघा, निमुळती चावी, तिला बाहेर डोकं आहे. वर्षानुवर्षं गंजून ती एकजीव होते, आणि मग लोक काय करतात, तर त्या डोक्यावर आडवा घण घालतात. डोकं तुटतं, चावी आतच राहते, पुढे सगळं ड्रिलचं काम. त्यापेक्षा गंज सोडवणारं तेल घालून रात्रभर ठेवा, आणि चावीचं डोकं आणि फ्लायव्हीलचा हब यांच्या फटीत दोन बाजूंनी दोन पाचरी समोरासमोर बसवून थोड्या थोड्या ठोका. ताण सरळ रेषेत येतो आणि चावी टक्कन सुटते. फ्लायव्हीलखाली आधी लाकडी ठोकळे लावा. ते पायावर आलं तर पाय गेला.

खरं तर सगळ्यांनाच फ्लायव्हील काढायची गरज नसते. क्रँककेसला हा दरवाजा आहे ना, यातून बिग एंडचे, म्हणजे कनेक्टिंग रॉडच्या क्रँककडच्या टोकाचे, बोल्ट सुटतात. हेड उतरवलं की पिस्टन कनेक्टिंग रॉडसकट वरून ओढून निघतो. ब्लॉक वेगळा, क्रँककेस वेगळी, हेड वेगळं. शेतात, झाडाखाली, दोन पान्यांवर दुरुस्त होईल असं डिझाईन आहे. आम्ही क्रँक काढली कारण ती ग्राइंडिंगला न्यायची होती, आणि दुसरं एक कारण, ते येतंच आता.

टॉर्च आत मारतो. हा रंगाखालचा खरबरीत थर बघा. नखाने खरवडला, आणि बोटावर हे आलं. वाळू. ओतकामाची वाळू. राजकोटच्या स्वस्त कॉपीचं हे जुनं दुखणं. साचा फोडल्यावर आतून नीट साफ न करताच वरून रंग मारलेला. आता हे लक्षात घ्या, की या इंजिनात ऑइल फिल्टर नाही. बिग एंडच्या टोपीला खाली एक छोटा डिपर आहे, तो दर फेरीला तेलात बुडतो आणि तेल उडवतो. त्या उडालेल्या तेलावर आतलं बहुतेक सगळं चालतं. तेलात वाळू असेल तर तीही उडणार, आणि बेअरिंग, लायनर सगळीकडे जाणार. म्हणून क्रँककेस पूर्ण रिकामी करून, तारेच्या ब्रशने कानाकोपरा खरवडून, डिझेलने धुऊन, मग तेलाला दाद न देणारा लाल इन्सुलेटिंग व्हार्निश आतून मारला. नवा रंग सुटून तेलात येईल म्हणून काही जण आतून काहीच मारत नाहीत. तेही बरोबर आहे. पण खरवडणं टाळू नका. बाहेरून रंगवून चकाचक केलेली 'रिकंडिशन' इंजिनं विकायला असतात, तिथे मी सगळ्यात आधी हा दरवाजा उघडायला सांगतो.

आता मोजमाप. माझं मत स्पष्ट आहे. मायक्रोमीटर आणि बोअर गेज नसेल तर त्याला रिकंडिशनिंग म्हणू नका, ती नुसती साफसफाई.

लायनर वर, मध्ये, खाली असा तीन ठिकाणी मोजायचा, आणि प्रत्येक ठिकाणी दोन दिशांनी, क्रँकच्या रेषेत आणि तिच्या काटकोनात. याचा आकडा असा आला: खाली जेमतेम 0.04 मिलिमीटर झीज, आणि वर, जिथे पहिली रिंग थांबून उलटी फिरते तिथे, 0.38. तीही काटकोनाच्या दिशेला जास्त. बोट फिरवलं तर वरची कड चक्क हाताला लागते.

एवढी झीज फक्त वयाने होत नाही. आमच्या मिस्त्रीकाकांनी लायनर बघितला आणि गिरणीवाल्या दादांना फोन लावून एकच प्रश्न विचारला, "इंजिनाला पाणी टाकीचं होतं का थेट पंपाचं?" थेट पंपाचं निघालं. पाण्याची टाकी असली तर गरम पाणी वर चढतं, थंड खाली येतं, पंपाशिवाय पाणी फिरत राहतं आणि इंजिन बऱ्यापैकी गरम राहतं. पण थेट विहिरीचं गार पाणी जॅकेटमधून वाहिलं तर सिलेंडर कधी तापतच नाही. डिझेलमधल्या गंधकाचे वायू थंड भिंतीवर ओले होतात, त्यांचं ॲसिड बनतं, ते लायनर खातं. वर काजळी वेगळी. म्हणजे इंजिन जास्त गरम झालं म्हणूनच नाही, जास्त थंड राहिलं म्हणूनही मरतं. हे शेतकऱ्यांना सांगितलं की पटत नाही, 'गार आहे म्हणजे चांगलं आहे' हे डोक्यात पक्कं बसलेलं असतं.

लायनर, पिस्टन, रिंगा नवीन घेतल्या. सुटे भाग मुंबईत नागदेवीच्या बाजारात मिळाले. पण नवीन रिंग पाकिटातून काढून थेट पिस्टनवर चढवू नका. आधी नुसती रिंग लायनरमध्ये सरळ बसवा आणि तोंडाची फट फीलर गेजने मोजा. ढोबळ नियम असा, की बोरच्या दर इंचाला तीन ते चार थाऊ, म्हणजे इंचाचे हजारावे भाग. आपला बोर साडेचार इंच, म्हणजे 0.35 ते 0.45 मिलिमीटर. यातली एक रिंग 0.20 वर आली होती. ती तशीच गेली असती तर गरम झाल्यावर टोकं एकमेकांवर दाबली जाऊन लायनर ओरबाडला असता. बारीक कानसीने घासून फट वाढवली.

क्रँकपिन, म्हणजे क्रँकवर जिथे कनेक्टिंग रॉड बसतो ती जागा, लंबगोल झाली होती. ती वागळे इस्टेटला एका ग्राइंडिंगवाल्याकडून दहा थाऊ अंडरसाइज करून आणली, त्या मापाचे बेअरिंग घातले. मेन बेअरिंग इथे टेपर रोलर आहेत, मूळ लिस्टरसारखेच. राजकोटची काही मॉडेलं बुशची असतात, तेव्हा माल घेताना विचारून घ्या. रोलर चांगले होते, ते तसेच ठेवले. हाउसिंगखालच्या शिम, म्हणजे पातळ पत्र्याच्या चकत्या, बदलून क्रँकची आडवी हालचाल जुळवली. पावसाळ्यात काम करणाऱ्यांना एक सांगतो. खाडीकाठच्या या दमट हवेत होन केलेला, म्हणजे आतून बारीक घासलेला, लायनर तेल न लावता रात्रभर ठेवला, तर सकाळी त्यावर तांबूस गंज दिसतोच.

ब्लॉक परत चढवताना पिस्टन आणि हेड यांच्यातली फट जुळवायची. पिस्टनवर सोल्डरच्या तारेचे तुकडे ग्रीसने चिकटवा, हेड पूर्ण टॉर्कला आवळा, हाताने इंजिन एकदा फिरवा, हेड काढा, आणि चेपलेली तार मोजा. हिची जाडी 0.9 आली. आम्हाला एक मिलिमीटरच्या थोडं वर हवं होतं, म्हणून ब्लॉकखाली एक पातळ पॅकिंग वाढवलं.

आता इंजेक्टर, आणि इथे थट्टा नाही. टेस्टरवर नोझल लावून हँडल मारलं की असा बारीक, अत्तरासारखा फवारा आला पाहिजे, कर्र असा आवाज यायला हवा, आणि थांबल्यावर टोकाला थेंब लोंबता कामा नये. जुन्या नोझलची सरळ धार यायची, ती बदलली. या फवाऱ्यासमोर बोट कधीही नेऊ नका. या दाबाने डिझेल कातडीतून आत शिरतं. बाहेरून टाचणी टोचल्यासारखं दिसतं आणि आत बोट सडतं. असं झालं तर घरी मलम न लावता सरळ हॉस्पिटल गाठायचं.

टायमिंग फ्लायव्हीलवरच मोजता येतं. समजा घेर 1800 मिलिमीटर आहे. भागिले 360, म्हणजे एका अंशाला पाच मिलिमीटर. डिझेल पिस्टन वर पोहोचण्याआधी 20 अंशांवर सुटायला हवं, तर टीडीसीच्या, म्हणजे पिस्टन अगदी वर असतानाच्या, खुणेपासून 100 मिलिमीटर मागे खडूची खूण करा. पंपाचा पाइप सोडून फ्लायव्हील हळूहळू फिरवा. पंपाच्या तोंडातलं डिझेल जिथे हलायला लागतं, तिथे ही खूण समोर यायला हवी.

हँडल मारण्याआधी शेवटची आणि सगळ्यात महत्त्वाची तपासणी. वेग आवरणाऱ्या गव्हर्नरची लिंक आणि पंपाचा रॅक, म्हणजे डिझेल कमी-जास्त करणारी पट्टी, बोटाने पुढे-मागे करा. अडकता कामा नये. पूर्ण डिझेलवर रॅक अडकला तर इंजिन वेग घेतच जातं. 650 ला या फ्लायव्हीलची कड ताशी सत्तर किलोमीटरने पळते. वेग दुप्पट झाला की ओतीव लोखंडावरचा ताण चौपट होतो, आणि फ्लायव्हील फुटलं तर पत्र्याच्या शेडची भिंत त्याला अडवू शकत नाही. म्हणून बसवण्याआधी फ्लायव्हील टांगून हलक्या हातोडीने वाजवायचंसुद्धा. स्वच्छ टण्ण वाजलं तर ठीक, बद्द वाजलं तर तडा शोधा.

आता मिस्त्रीकाका एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उचलून धरतायत, मी हँडल फिरवतो. वेग आला की ते व्हॉल्व्ह सोडतील.

सोडा काका!

चाललं. ऐका. दोन धक्क्यांच्या मध्ये मोकळा वेळ कानाला कळतोय बघा. सुरुवातीचा पांढरा धूर गरम झाल्यावर जाईल. लोड दिल्यावर काळा धूर येत राहिला तर नोझल किंवा टायमिंग पुन्हा बघायचं.

एक विचारणा खूप येते, की याच्यावर जनरेटर लावून सोसायटीत वापरू का? नाही. जनरेटरसाठी 1 जुलै 2023 पासून सीपीसीबीचे, म्हणजे केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे, नवे कडक नियम आहेत, आणि ठाणे-नवी मुंबईच्या इमारतींच्या मध्ये हा धूर आणि हा दणका कोणी सोसूही नये. आमचं इंजिन प्रात्यक्षिकाला राहणार, आयटीआयची मुलं येतात बघायला.

रनिंग-इनचं सांगून थांबतो. सुरुवातीला अगदी बिनलोड फार वेळ चालवू नका, रिंगा बसत नाहीत आणि लायनर गुळगुळीत होऊन तेल वर येतं. इंजिन थोडं गरम झालं की निम्मा लोड द्या. पहिल्यांदा थंड झाल्यावर हेडचे नट पुन्हा टॉर्कला आवळा, आणि त्यानंतर टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हची फट, पुन्हा लावा, कारण नट आवळले की ती बदलते. पहिलं तेल काही तासांतच काढून टाका आणि ते पांढऱ्या कपड्यातून गाळून बघा. वाळूचे कण दिसले तर दरवाजा पुन्हा उघडायचा. पुढच्या व्हिडिओत पट्टा चढवून याच्यावर पाण्याचा पंप लावतोय, आणि तासाला डिझेल किती जातं ते मापाच्या बरणीने मोजतोय.