छातीवरची जागा

२०२५च्या सप्टेंबरमध्ये आशिया चषकासाठी आपला पुरुष क्रिकेट संघ मैदानात उतरला, तेव्हा खेळाडूंच्या छातीवर केवळ 'इंडिया' आणि स्पर्धेचे नाव होते, प्रायोजकाचे नव्हते. अनेकांना त्यात साधेपणा दिसला. वस्तुस्थिती अशी होती की ऑगस्टमध्ये संसदेने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली, खेळाडू निवडून आभासी संघ लावण्याचा 'फँटसी' खेळ चालवणाऱ्या ड्रीम इलेव्हनचा प्रायोजकत्वाचा करार त्यामुळे मध्येच संपला आणि नवा भाडेकरू मिळेपर्यंत जागा रिकामी राहिली.

भाडेकरू हा शब्द मी जाणूनबुजून वापरतो आहे. उजव्या हाताने खेळणारा फलंदाज पवित्रा घेतो तेव्हा त्याची डावी बाही गोलंदाजाकडे, म्हणजेच त्याच्या मागच्या कॅमेऱ्याकडे असते. त्यामुळे बाहीवरच्या चार बोटे कापडालाही मोल येते आणि कोणते चिन्ह कोणत्या हातावर, हे आयसीसीचे पोशाखाचे नियम बारकाईने ठरवतात. विश्वचषकात छाती देशाच्या नावासाठी राखलेली असते, प्रायोजकाला बाहीवर समाधान मानावे लागते.

पण नुसते दिसायचेच असेल तर रस्त्यावरचा फलक पुष्कळ स्वस्त पडतो. छातीवरची जागा घेणारा विकत घेतो तो विश्वास, आणि ज्याला तो घाईने हवा असतो तो बोली चढवायला कचरत नाही. नव्वदच्या दशकात तिथे विल्स हे सिगारेटचे नाव होते. तंबाखूच्या प्रायोजकत्वावर बंदी आणणारा कायदा २००३चा, कंपनी त्याआधीच बाजूला झाली होती. पुढे सहारा हा उद्योगसमूह आला. गुंतवणूकदारांचे हजारो कोटी रुपये परत करा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१२मध्ये दिला, तरी ते नाव २०१३च्या अखेरीपर्यंत छातीवर कायम होते. मोबाइल बनवणाऱ्या ओप्पोने २०१७मध्ये पाच वर्षांसाठी १,०७९ कोटींची बोली लावली आणि दोन वर्षांतच जागा ऑनलाइन शिकवण्या देणाऱ्या बायजूजकडे सोपवली. बायजूजकडून थकलेल्या सुमारे १५८ कोटींसाठी क्रिकेट मंडळाला दिवाळखोरी न्यायाधिकरणात जावे लागले. सगळेच प्रायोजक असे निघाले नाहीत, सहारानंतर आलेल्या स्टार वाहिन्यांचा काळ निर्वेध गेला, हेही सांगितले पाहिजे.

मंडळ आंधळे होते, असे मात्र म्हणता येणार नाही. २०२३च्या निविदेत मद्य, तंबाखू, सट्टा, कूटचलन (क्रिप्टो) आणि पैशांचे ऑनलाइन खेळ यांना मज्जाव होता. फक्त शेवटच्या बाबीपुढे कंसात 'फँटसी खेळ वगळून' अशी सवलत होती. त्या कंसातून ड्रीम इलेव्हनचे तीन वर्षांसाठी ३५८ कोटी आले. आता मार्च २०२८पर्यंत अपोलो टायर्स आहे, ५७९ कोटींना. टायर निदान हाताने चाचपून घेता येतो.

परवा शिवाजी पार्कात नेटमागे उभा होतो. एका मुलाच्या अंगावर काकाची जुनी, गुडघ्यापर्यंत लोंबणारी जर्सी होती. धुऊन धुऊन पाठीवरचा आकडा पुसला गेला होता. छातीवरचे 'सहारा' मात्र लांबूनही वाचता येत होते. हे काय लिहिले आहे, असे मी विचारले. "टीमचं नाव," तो म्हणाला, आणि चेंडू घासत रनअपकडे चालू लागला.