मिठाच्या हवेतला स्पीकर

मंडळी, स्पीकर घरी बनवायचा म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो: ड्रायव्हर, म्हणजे प्रत्यक्ष आवाज काढणारा गोल भाग, कुठला घेऊ? ते आपण नंतर बघू. आपल्या किनाऱ्यावर घरी केलेला स्पीकर फसतो तो बहुधा ड्रायव्हरमुळे नाही, पेटीमुळे. पेटी फुगते, वाकते, सांधा सुटतो, आणि मग चांगला ड्रायव्हरही पिंपात बसल्यासारखा बोलतो. म्हणून आज पेटीवर वेळ जास्त जाईल.

पेटी लागतेच कशाला? ड्रायव्हरचा कोन, म्हणजे शंकूसारखा पडदा, पुढे सरकतो तेव्हा पुढची हवा दाबली जाते आणि मागची विरळ होते. खालच्या सुरात ही मागची लाट वळसा घालून पुढे येते आणि दोघी एकमेकींना खाऊन टाकतात. उघडा ड्रायव्हर टेबलावर ठेवून वाजवला की डग्गा पत्र्याच्या डब्यासारखा वाजतो, तो यामुळे. मागची लाट कोंडायची, एवढंच पेटीचं काम असतं तर कसलाही खोका चालला असता. पण कोंडलेली हवा कोनाला स्प्रिंगसारखी मागे ढकलते. एडगर विल्चूर यांनी १९५४ साली एआर-१ या स्पीकरमध्ये याच हवेच्या स्प्रिंगचा मुद्दाम उपयोग केला आणि लहान पेटीतून खोल सूर काढून दाखवला. पेटी किती लिटरची, हा प्रश्न म्हणजे स्प्रिंग किती कडक, हा प्रश्न.

त्याचं गणित सोपं आहे. नेव्हिल थील यांनी १९६१ मध्ये आणि पुढे रिचर्ड स्मॉल यांनी सत्तरच्या दशकात ते बसवून दिलं. ड्रायव्हरबरोबरच्या माहितीच्या कागदावर तीन आकडे शोधा: एफएस, म्हणजे ड्रायव्हरचा स्वतःचा अनुनाद, ज्या सुरावर तो आपणहून जास्त हलतो; क्यूटीएस, म्हणजे त्या सुरावर त्याचं हलणं किती आवरलं जातं; आणि व्हीएएस, म्हणजे त्याच्याएवढीच लवचीक असणारी हवा किती लिटर. समजा साडेसहा इंची ड्रायव्हर आहे. एफएस ४५ हर्ट्झ, क्यूटीएस ०.४०, व्हीएएस २५ लिटर. बंद पेटीत बसल्यावर एकूण क्यू ०.७०७ यावा, म्हणजे खालचा सूर फुगतही नाही आणि लवकर मरतही नाही. ०.७०७ ला ०.४० ने भागा, वर्ग करा, एक वजा करा: २.१२ येतात. २५ भागिले २.१२, म्हणजे पावणेबारा लिटर. अनुनाद वर सरकून ८० हर्ट्झच्या जरा अलीकडे येतो आणि तिथे आवाज ३ डेसिबलने उतरलेला असतो.

८० हर्ट्झ कमी पडतील का? काळी एकच्या तंबोऱ्याचा खर्ज ६९ हर्ट्झला येतो. या पेटीत तो साडेचार डेसिबलने दबेल. पण तंबोऱ्याची श्रीमंती वरच्या स्वयंभू सुरांत असते, आणि पेटी भिंतीजवळ ठेवली की खालचं थोडं भरूनही निघतं. गाणं, हार्मोनियम, पखवाज ऐकणाऱ्याला एवढं पुरतं. ज्याला सिनेमातले स्फोट ऐकायचे आहेत त्याने वेगळा सबवूफर करावा.

याच ड्रायव्हरला नळीची, म्हणजे रिफ्लेक्स पेटी केली तर आणखी खाली जाता येईल, हे खरं. तरी इथे पहिला स्पीकर बंद पेटीचाच करावा, असं माझं ठाम मत आहे. एक तर बंद पेटी चुका पोटात घालते: पावणेबाराऐवजी १० लिटर झाली तर क्यू ०.७५ होतो, १४ झाली तर ०.६७. कानाला फरक जेमतेम कळतो. नळीचं सूत मात्र जरा चुकलं की एकच सूर घुमत राहतो. आणि दुसरं म्हणजे दोन इंची भोक उघडं दिसलं की कुंभारीण माशी त्यात मातीचं घर बांधते, पाल अंडी घालते आणि पावसाची दमट हवा दिवसभर आतबाहेर करते. नळी करायचीच असेल तर आतल्या तोंडाला नायलॉनची जाळी लावा, एवढं तरी करा.

आता लाकूड. एमडीएफ, म्हणजे लाकडाचा चुरा दाबून केलेली पाटी, कापायला लोण्यासारखं आहे आणि पुस्तकांत त्याची शिफारस असते. आपल्याकडे ते नको. कापलेली कड दमट हवा शोषते, फुगते, आणि स्क्रूची पकड सैल पडते. फणसाची किंवा सागाची भरीव फळी दिसायला देखणी, पण ती रेषांना आडवी फुगते-आकसते आणि सहा बाजूंनी चिकटवलेल्या पेटीत स्वतःच सांधा फोडते. १८ मि.मी.चं मरीन प्लाय घ्या, आयएस ७१० शिक्क्याचं. थरांमधला गोंद उकळत्या पाण्यालाही सुटत नाही, तोच त्याचा गुण. आणल्याबरोबर कापू नका. ज्या घरात स्पीकर राहणार तिथे दोन आठवडे पट्ट्यांवर, दोन्ही बाजूंनी हवा लागेल असं ठेवा.

ड्रायव्हर, क्रॉसओव्हर (खालचे आणि वरचे सूर वाटून देणारं सर्किट) आणि आधाराची पट्टी मिळून लिटरभर जागा खातात, म्हणून आतून १३ लिटर धरू. रुंदी १७.४, उंची ३३, खोली २२.५ सें.मी. कुठलंही माप दुसऱ्याच्या बरोबर दुप्पट नाही, हे मुद्दाम. नाहीतर आतल्या उभ्या लाटा एकाच सुरावर जमतात. एका पेटीला सहा तुकडे: पुढची-मागची २१ × ३६.६ च्या दोन, बाजूच्या २२.५ × ३६.६ च्या दोन, वरची-खालची २२.५ × १७.४ च्या दोन. दोन पेट्यांना आठ बाय चारच्या शीटचा अर्धा भाग भरपूर होतो. हे कापकाम सुताराच्या टेबल-सॉवरच करून घ्या. हातकरवतीने दीड मि.मी. इकडे-तिकडे होतंच, आणि तेवढ्या फटीतून खालचा सूर शिट्टी मारत बाहेर पडतो.

ड्रायव्हरचं भोक कागदावरच्या मापाने कापू नये. ड्रायव्हर हातात आल्यावर फ्रेम मोजावी, मग जिगसॉ लावावा. फ्रेम बुडेल एवढी खाच राऊटरने, म्हणजे सुताराच्या खाच पाडायच्या यंत्राने, मारता आली तर उत्तम, विशेषतः ट्विटरची, म्हणजे वरच्या सुरांच्या छोट्या ड्रायव्हरची. त्याची कड वर राहिली की आवाज तिच्यावर आपटून विखुरतो.

जोडण्यापूर्वी सर्व तुकड्यांच्या आतल्या बाजूला आणि कडांना पॉलियुरेथेन व्हार्निशचे दोन हात द्या. फक्त जिथे गोंद बसणार ती पट्टी कोरी ठेवा. याला टाळाटाळ होते, कारण आतलं कोणाला दिसत नाही. बाहेरून सनमायका आणि आतून कोरं प्लाय, असं झालं की दमट हवा एकाच बाजूने शिरते आणि पाटी धनुष्यासारखी वाकते. मग त्या वाकड्या पाटीवर ड्रायव्हर आवळला की त्याची फ्रेम पिळते, व्हॉइस कॉइल, म्हणजे कोनाला चिकटलेलं तारेचं वेटोळं, चुंबकाच्या फटीत घासते आणि हळू आवाजात खरखर येते. ड्रायव्हर खराब निघाला म्हणून परत पाठवतात ते असेच.

पाण्याला टिकणारा फेव्हिकॉल दोन्ही बाजूंना लावा, क्लॅम्पमध्ये रात्रभर ठेवा, गुण्याने कोपरा तपासा. आतल्या सर्व कोपऱ्यांत गोंदात भिजवलेला लाकडाचा भुसा बोटाने भरा. होडीचे सांधे कारागीर ज्या काळजीने बुजवतात तीच इथे लागते; फक्त तिथे पाणी बाहेर ठेवायचं, इथे हवा आत. हे काम नोव्हेंबर ते मे एवढ्याच काळात करावं. जुलैत गोंद ओला राहतो आणि लॅकरवर पांढुरकी झाक येते, कारण वाळताना ते हवेतली वाफ ओढून घेतं.

स्क्रू काळे नकोत. ते पहिल्याच पावसाळ्यात गंजतात आणि काढताना डोकं तुटतं. स्टेनलेस घ्या, घर खाडीला किंवा समुद्राला लागून असेल तर ३१६ दर्जाचं. मागच्या टर्मिनलभोवती, म्हणजे तार जोडायच्या जागेभोवती, एमसील; ड्रायव्हरखाली बंद छिद्रांची (क्लोज्ड-सेल) फोमपट्टी.

हवाबंद झाली का, ते पाहायला यंत्र लागत नाही. कोन चार बोटांनी मधल्या टोपीच्या बाहेर सावकाश आत दाबा आणि सोडा. तो दोन-तीन सेकंदांत आळसत परत आला तर पेटी चांगली. चटकन आला तर गळती आहे. मग मोबाइलवरून ३० हर्ट्झचा सूर हळू लावा, पंखा बंद करा आणि पेटलेली उदबत्ती सांध्यांवरून सावकाश फिरवा. धुराची रेघ जिथे फडफडते तिथे भोक आहे. बहुतेक वेळा ते टर्मिनलपाशीच निघतं.

आत भरायला पॉलिस्टर फायबर, उशीत असतो तो: लिटरला ८ ते १० ग्रॅम, म्हणजे एका पेटीत शंभर-सव्वाशे ग्रॅम, पिंजून. काथ्या आपल्या अंगणातला आहे म्हणून मोह होतो, पण तो ओल धरतो, भुसा गाळतो, आणि तो भुसा ड्रायव्हरच्या फटीत जातो. शेवरीचा कापूसही नको.

आता ड्रायव्हर. कडेची घडी रबराची हवी. फोमची दमट हवेत काही वर्षांत भुगा होते. कोन पॉलिप्रॉपिलीनचा किंवा लेप दिलेल्या कागदाचा. ट्विटरचा स्वतःचा अनुनाद १,२०० हर्ट्झच्या खाली असावा, कारण आपण खालचे आणि वरचे सूर २,५०० हर्ट्झला तोडून वाटणार आहोत.

क्रॉसओव्हर १९७६ च्या लिंकविट्झ-रायली पद्धतीचा, दुसऱ्या क्रमाचा (सेकंड ऑर्डर) धरू. ८ ओहम आणि २,५०० हर्ट्झला दोन्हीकडे तेच आकडे येतात: कॉइल १ मिलिहेन्री, कंडेन्सर ३.९ मायक्रोफॅरड. वूफरला, म्हणजे आपल्या साडेसहा इंची ड्रायव्हरला, कॉइल मालिकेत आणि कंडेन्सर समांतर, ट्विटरला उलट. ट्विटरची अधिक-उणे तार मात्र उलटी जोडायची, नाहीतर नेमक्या त्या सुरापाशी खड्डा पडतो. कंडेन्सर फिल्मचा घ्या. ट्विटर ४ डेसिबल मोठा असेल तर त्याच्याआधी ३ ओहम मालिकेत आणि ट्विटरला समांतर १५ ओहम, १० वॅटचे सिमेंट रेझिस्टर. वूफरची स्वतःची व्हॉइस कॉइल वरच्या सुराला अडवते, त्यामुळे तिथे ८ ओहम राहत नाहीत. वूफरला समांतर साडेसात ओहम आणि १० मायक्रोफॅरड मालिकेत जोडले की ते ताळ्यावर येतं. हे सगळे आकडे सुरुवातीचे आहेत. पुढे यूएसबी मायक्रोफोन आणि फुकट मिळणाऱ्या आरईडब्ल्यू प्रोग्रॅमवर मोजून थोडे हलवावे लागतात.

कॉइल विकत मिळते, पण मोटार वाइंडिंगवाल्याकडून १८ गेजची एनॅमल तार पाव किलो आणून घरी गुंडाळली तर स्वस्त पडते. एक इंच व्यासाचा, एक इंच लांबीचा लाकडी गाभा, दोन्ही टोकांना प्लायच्या चकत्या. २०० वेढे. सुमारे २४ मीटर तार जाते, रोध ओहमच्या एक-तृतीयांशाएवढा. मिलिहेन्री दाखवणाऱ्या मीटरवर मोजा, जास्त भरली तर काही वेढे सोडा. लोखंडी स्क्रूने ती बसवू नका, मूल्य बदलतं. दोन कॉइल एकमेकींना काटकोनात आणि चुंबकापासून लांब. डाग दिल्यावर फ्लक्स स्पिरिटने पुसा, नाहीतर मिठाच्या हवेत दोन वर्षांत सांधा हिरवा होतो.

जोडण्याआधी दीड व्होल्टच्या सेलने वूफर तपासा. अधिकला अधिक लावलं की कोन बाहेर यायला हवा. ट्विटरला सेल लावू नये.

उरली खोली. चिऱ्याच्या जाड भिंती खालचा सूर परत फेकतात, पण कौलं तो सोडून देतात. त्यामुळे कौलारू घरात खर्ज बारीक लागतो आणि स्लॅबच्या फ्लॅटमध्ये घुमतो. २१ सें.मी. रुंद पाटीच्या स्पीकरचा आवाज साधारण ५५० हर्ट्झखाली पाटीच्या मागेही पसरू लागतो, म्हणून माजघरात तो भिंतीपासून वीतभरच पुढे ठेवावा; फ्लॅटमध्ये हातभर. पडवीत ठेवून खालचा सूर मागू नये, तिथे एक भिंतच नाही.

पावसाळ्यात प्लास्टिकची खोळ घालून बांधून ठेवू नका, आत बुरशी धरते. आठवड्यातून तासभर वाजवा. दसऱ्याच्या सुमाराला ड्रायव्हरचे स्क्रू समोरासमोरच्या जोडीने, पाव-पाव फेऱ्याने पुन्हा आवळा, आणि उदबत्ती पुन्हा एकदा फिरवा.