श्रीखंडाच्या डब्यातली स्पेलिंगं

[दृश्य: चार रेघी वही. पेन्सिल पानावर वरून खाली सरकते आहे.]

ही पेन्सिल कशी चालली आहे, ते नीट बघा. 'स्कूल' हा शब्द दहा वेळा लिहायचा आहे. तिसरीतली ही मुलगी आधी पानाच्या कडेला वरून खाली दहा 'एस' काढते. मग त्यांच्या शेजारी दहा 'सी'. मग दहा 'एच'. पान भरतं, अक्षरही सुबक येतं. पण 'स्कूल' हा शब्द तिनं एकदाही लिहिलेला नाही. तिनं सहा उभ्या रांगा लिहिल्या आहेत.

वही मिटून तिला विचारलं, की ती सांगते, "एस के यू एल."

शुक्रवारी वर्गात डिक्टेशन असतं. दहा शब्द. गुरुवारी रात्री घरोघरी एकच घाई असते: जेवायच्या आधी स्पेलिंगं पाठ कर, चुकलं ते दहा वेळा लिही. आईवडील हे मनापासून करतात, मूलही निमूटपणे लिहितं. आणि पुढच्या आठवड्यात त्यातलं फारसं काही उरलेलं नसतं.

[दृश्य: पाटीवर एस के यू एल. मुलीचं बोट एकेका अक्षरावर.]

'एस के यू एल' या चुकीकडे जरा मायेनं बघायला हवं. या मुलीला पहिलीपासून शिकवलं, की ऐकू येतं तसं लिहायचं. कमळातला 'क' कानाला 'क'च लागतो आणि कागदावरही 'क'च उतरतो. आपल्याकडेही सगळंच सरळ नाही. 'चार' आणि 'चारा' यांत 'च' एकच लिहितो, उच्चार मात्र वेगळे करतो. तरी एकंदरीत देवनागरी मुलाला दगा देत नाही. तोच विश्वास घेऊन ते इंग्रजीत येतं. तिथे अक्षरं 26 आणि ध्वनी साधारण 44. बी यू टी बट, मग पी यू टी पुट का, हा प्रश्न आपल्या प्रत्येक पिढीनं विचारला आहे. या प्रश्नावर मुलाला गप्प करू नये, कारण त्याला खरंखुरं उत्तर आहे.

'नाईफ'मधला 'के' कधी काळी बोलला जायचा. जर्मन माणूस आजही गुडघ्याला 'क्नी' म्हणतो. इंग्रजांनी 'नी' म्हणताना 'के' तोंडातून सोडला, कागदावर मात्र ठेवला. 1476 साली विल्यम कॅक्स्टननं वेस्टमिन्स्टरला इंग्लंडमधला पहिला छापखाना घातला. पुढे छापील शब्दांचं रूप हळूहळू पक्कं होत गेलं आणि बोलणं बदलतच राहिलं. 'आयलंड'मधला 'एस' तर त्या शब्दात कुणी कधी उच्चारलाच नव्हता. लॅटिनमधल्या 'इन्सुला'शी, म्हणजे बेटाशी, याचं नातं असणार अशा समजुतीनं तो मागाहून घातला गेला.

ही गोष्ट सांगितली, की मुलांचे डोळे चमकतात. चुकून आत आलेलं अक्षर ती सहसा विसरत नाहीत. शब्दामागे गोष्ट असेल तर आधी गोष्ट सांगावी.

पण प्रत्येक शब्दाला अशी गोष्ट सापडत नाही. तिथे वेगळं काहीतरी लागतं.

[दृश्य: स्वयंपाकघर. ओट्यापाशी पाटावर बसलेली आजी, समोर पाटी घेऊन नात.]

या आजी चौथीपर्यंत शिकल्या. त्यांच्या वेळी मराठी शाळेत इंग्रजी पाचवीपासून असायचं. पहिलीपासून इंग्रजी आलं ते 2000 साली. म्हणजे ज्या वर्गात ए बी सी डी सुरू व्हायची, त्याच्या उंबरठ्यावर त्यांची शाळा सुटली. नातीचा अभ्यास मात्र त्याच घेतात.

त्यांच्याजवळ श्रीखंडाचा एक रिकामा डबा आहे. आत जुन्या कॅलेंडरच्या पानांच्या चिठ्ठ्या. प्रत्येक चिठ्ठीवर एका बाजूला इंग्रजी शब्द, नातीनं पुस्तकात बघून लिहिलेला. दुसऱ्या बाजूला तोच शब्द देवनागरीत, खाली अर्थ.

आजी चिठ्ठी काढतात आणि मराठीची बाजू वाचतात. "नाईफ. म्हणजे सुरी." नात पाटीवर लिहिते. मग आजी चिठ्ठी उलटून पाटीशेजारी ठेवतात आणि एकेका अक्षरावर बोट ठेवत दोन्ही ताडून बघतात. हे काम करायला इंग्रजी यावं लागत नाही, नजर लागते. तांदळातला खडा ज्या नजरेनं दिसतो, तीच ही नजर. 'बी' आणि 'डी'ची अदलाबदल तर त्या सगळ्यात आधी पकडतात. "याचं पोट इकडे आहे बघ, तू तिकडे काढलंस."

मी कितीतरी घरांत ऐकलं आहे, "आम्हाला इंग्रजी येत नाही हो, आम्ही काय अभ्यास घेणार?" या डब्यासमोर बसल्यावर ते म्हणणं मला पटत नाही.

आजींनी जे केलं त्यात एक गोष्ट फार मोलाची आहे. लिहिताना शब्द नातीच्या डोळ्यांसमोर नसतो. तो तिला आतून काढावा लागतो. समोर बघून दहा वेळा उतरवण्यात डोळे आणि हात काम करतात, आठवणीला काही करावंच लागत नाही.

अमेरिकेतल्या रोडिगर आणि कार्पिकी या दोन मानसशास्त्रज्ञांनी 2006 साली कॉलेजच्या विद्यार्थ्यांवर केलेला एक प्रयोग प्रसिद्ध केला. काहींनी एक उतारा पुन्हा पुन्हा वाचला. काहींनी तो एका सत्रात वाचला आणि मग न बघता तीनदा आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानं विचारलं तेव्हा आठवून लिहिणाऱ्यांना सुमारे 61 टक्के आठवत होतं, नुसतं वाचणाऱ्यांना 40 टक्के. तो उतारा होता, स्पेलिंग नव्हती, हे खरं. पण आपला गुरुवार रात्रीचा अनुभव याहून निराळा नाही. घोकलेलं झोपेपर्यंत टिकतं.

म्हणून आजींचा अभ्यास गुरुवारी एकदम होत नाही. सोमवारी, मंगळवारी, मग बुधवार सोडून गुरुवारी. दर वेळी दहा मिनिटं. कुकरची शिट्टी होईपर्यंत. वेळ वाढवून फार काही हाती लागत नाही, हे अमेरिकेतल्या जोसेफ राइस यांनी हजारो मुलांची स्पेलिंगं तपासून 1897 मध्येच मांडलं होतं.

[दृश्य: लाल पेन्सिल. 'फ्रेंड' या शब्दातल्या 'आय'भोवती गोल.]

चुकलं, तर पूर्ण शब्द चुकला असं इथे कुणी म्हणत नाही. 'फ्रेंड'मध्ये पाच अक्षरं बरोबर आहेत, एक 'आय' राहिला. गोल त्या एका अक्षराभोवती. ती चिठ्ठी दोन शब्दांनंतर पुन्हा निघते. 'वेन्झडे' अडला तर नात मनात 'वेड-नेस-डे' म्हणते आणि तोंडानं 'वेन्झडे'. ही युक्ती तिची तिलाच सुचली.

याच डब्यात मराठीच्याही चिठ्ठ्या आहेत. 'फूल' लिहिताना दुसरा उकार, 'फुलाला' लिहिताना पहिला. 'पाटी'ची वेलांटी दुसरी, 'आणि'ची पहिली. तिथे आजी स्वतःच वाचून सांगतात, आणि त्यांचा आवाज जरा चढतो.

[दृश्य: शुक्रवार, संध्याकाळ. दप्तर जमिनीवर. डबा उघडा.]

दहापैकी सात आले. नात वही आजींपुढे धरते. आजी चष्मा लावून तीन लाल खुणा बघतात, काही बोलत नाहीत. सात चिठ्ठ्या रबर लावून बाजूला ठेवतात. त्या महिनाभरानं पुन्हा निघतील. उरलेल्या तीन नात डब्यात टाकते, वर सोमवारचे नवे दहा शब्द येणार म्हणून कोऱ्या चिठ्ठ्याही ठेवते आणि झाकण लावते.

ओट्यावर कुकर चढला आहे. आज अभ्यास नाही.