वेदीपासून भावाच्या दारापर्यंत

(दृश्य: गालीलच्या सरोवराकाठची टेकडी. मग नकाशा, गालीलहून यरुशलेमेकडे सरकणारी रेघ.)

डोंगरावरचे प्रवचन गालीलात झाले. त्यात येशू सांगतो: तू आपले दान घेऊन वेदीजवळ आलास आणि तिथे तुला आठवले की आपल्या भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे, तर दान वेदीपुढे तसेच ठेव. आधी जाऊन भावाशी समेट कर, मग येऊन दान अर्पण कर. मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या ५ व्या अध्यायाची ही २३ आणि २४ वी वचने.

वेदी मात्र गालीलात नव्हती. ती यरुशलेमेच्या मंदिरात होती, शंभराहून अधिक किलोमीटर लांब, पायी निदान तीन दिवसांच्या वाटेवर. सणासाठी ही वाट चालणारे लोक समोर बसले होते. येशू काय मागतो आहे, ते त्यांना लगेच कळले असणार. एवढे चालून वेदीपर्यंत पोहोचायचे, अर्पण तिथेच सोडून गावी परतायचे, भावाचे दार ठोठवायचे आणि मग पुन्हा तेवढीच वाट धरायची. हा सगळा फेरा एका दुखावलेल्या माणसासाठी.

सुरुवातीच्या ख्रिस्ती मंडळ्यांनी हे वचन फार गांभीर्याने घेतले. पहिल्या शतकाच्या शेवटी किंवा दुसऱ्याच्या सुरुवातीला लिहिलेल्या ‘डिडाखे’ या छोट्या पुस्तिकेत स्पष्ट सूचना आहे की ज्याचे आपल्या सोबत्याशी भांडण आहे, त्याने समेट होईपर्यंत उपासनेच्या मेळ्यात येऊ नये. आजही अनेक मंडळ्यांत प्रभुभोजनाआधी एकमेकांना शांतीचे अभिवादन करतात, ते याच वचनाला धरून. शेजारी बसलेल्याशी हात मिळवणे सोपे असते. ज्याच्याशी बोलणे तुटले आहे, तो बहुधा चार बाकं मागे बसलेला असतो, किंवा आलेलाच नसतो.

(दृश्य: उघडे पवित्र शास्त्र. मत्तयाचा ५ वा आणि १८ वा अध्याय.)

मग आधी कोणी जायचे? मत्तय ५ मध्ये दुखावलेला दुसरा आहे आणि चूक माझी आहे; जायचे मी. मत्तय १८:१५ मध्ये अपराध भावाने केला आहे आणि दुखावलेला मी आहे. तिथेही जायचे मीच. ‘त्याने यावे’ असे म्हणायला येशूने कोणत्याच बाजूने जागा ठेवलेली नाही. मार्क ११:२५ मध्ये तिसरी बाब आहे: प्रार्थनेला उभे राहाल तेव्हा कोणाविरुद्ध मनात काही असेल तर क्षमा करा. इथे कुठेही जायचे नाही, कोणाला काही कळवायचे नाही. ही क्षमा मनात, देवासमोर होते आणि समोरचा माफी मागो न मागो, ती करता येते. समेटाला मात्र दोन माणसे लागतात. या दोन गोष्टींची गल्लत झाली की पुढे पुष्कळ घोळ होतो.

प्रत्येक बारीकसारीक गोष्टीसाठी दार ठोठवायचे का? नाही. नीतिसूत्रे १९:११ म्हणते की अपराधाची गय करणे माणसाला भूषण आहे. एखादी गोष्ट गय करण्यासारखी आहे की नाही, याची साधी कसोटी आहे. आठवड्यानंतरही ती मनात घोळते का? त्या माणसाला पाहून आपण रस्ता बदलतो का? तिसऱ्याशी बोलताना त्याचा विषय आपोआप निघतो का? एकाचेही उत्तर ‘हो’ आले, तर गय झालेली नाही. आपण फक्त गप्प बसलो आहोत.

जाण्याआधीची तयारी मत्तय ७ मध्ये आहे. आधी आपल्या डोळ्यातले मुसळ, मग भावाच्या डोळ्यातले कुसळ. लोक हे वचन ‘दुसऱ्याला काही बोलूच नये’ अशा अर्थाने वापरतात. पाचवे वचन शेवटपर्यंत वाचावे. मुसळ काढल्यावर तुला स्पष्ट दिसेल आणि तू कुसळ काढू शकशील, असे तिथे लिहिले आहे. कुसळ काढायचेच आहे, फक्त क्रम बदलायचा नाही. म्हणून एक कागद घ्यावा आणि त्यावर आपली चूक एकाच वाक्यात लिहावी. वाक्याचा कर्ता ‘मी’ असावा. ‘आपल्यात गैरसमज झाला’ हे वाक्य चालणार नाही, कारण त्यात कोणीच काही केलेले नाही. ‘मी तुझ्याबद्दल खात्री न करता दोघांना सांगितले’ हे चालेल.

(दृश्य: कागदावर लिहिलेले एक वाक्य. त्यातला ‘पण’ खोडला जातो.)

माफी कशी मागावी आणि कशी मागू नये, याचे नमुने शास्त्रात शेजारीशेजारी आहेत. १ शमुवेल १५ मध्ये शौल राजाने शत्रूचे सर्व काही नष्ट करण्याची देवाची आज्ञा मोडून उत्तम मेंढरे व गुरे राखून ठेवली. शमुवेल संदेष्ट्याने विचारले तेव्हा तो आधी म्हणाला, लोकांनी राखली. मग म्हणाला, ती तुझ्या देवाला यज्ञ करण्यासाठी राखली. शेवटी ‘मी पाप केले’ असे कबूल केले, पण त्यातही लोकांची भीती वाटली हे कारण जोडले. ३० व्या वचनात तर त्याची विनंतीच बाहेर येते: निदान माझ्या लोकांच्या वडीलजनांसमोर माझा मान राख. शौलानंतरचा राजा दावीद याचा गुन्हा शौलाहून हलका नव्हता. व्यभिचार आणि खून. नाथान संदेष्ट्याने बोट ठेवले तेव्हा २ शमुवेल १२:१३ मध्ये दावीद एवढेच म्हणतो, ‘मी परमेश्वराविरुद्ध पाप केले आहे.’ कारण नाही, वाटेकरी नाही, मागणी नाही. लूक १५ मधला, घर सोडून पैसा उधळलेला धाकटा मुलगाही बापाजवळ येऊन असेच बोलतो. दुष्काळ पडला, कोणी काही दिले नाही, यातले काही तो काढत नाही.

यावरून माफीचे भाग नीट मांडता येतात. काय केले ते नाव घेऊन सांगायचे. त्याने समोरच्याचे काय नुकसान झाले, ते आपल्या तोंडाने म्हणायचे. ‘तुला वाईट वाटले असेल तर’ यातला ‘तर’ काढायचा. वाईट वाटले आहे म्हणूनच आपण आलो आहोत. मग क्षमा मागायची आणि थांबायचे. उत्तर आत्ताच हवे, असा आग्रह नको. ‘ख्रिस्ती आहेस ना, मग क्षमा केलीच पाहिजे’ हे वाक्य अपराध करणाऱ्याच्या तोंडी कधीच येऊ नये. तसे केले तर क्षमेचे वचन आपण हत्यारासारखे वापरू लागतो.

नुकसान भरून देणे हा माफीचाच भाग आहे, आणि नेमका हाच भाग सर्वात जास्त गाळला जातो. गणना ५:७ चा नियम आकड्यात आहे: पाप कबूल करावे, मूळ रक्कम पूर्ण द्यावी आणि तिचा पाचवा हिस्सा वर द्यावा. शंभर घेतले असतील तर एकशे वीस परत. जक्कय या जकातदाराने त्यापुढची मजल मारली. लूक १९:८ मध्ये तो अर्धी मालमत्ता गरिबांना आणि अन्यायाने घेतलेल्याची चौपट परतफेड जाहीर करतो. पैशाची गोष्ट सरळ असते. बदनामीची परतफेड कठीण आहे, पण तिचाही मार्ग आहे: ज्यांना ज्यांना खोटे सांगितले, त्या प्रत्येकाकडे जाऊन खरे सांगायचे. फोनवरच्या गटात लिहिले असेल तर दुरुस्तीही त्याच गटात. चारचौघांत अपमान केला आणि माफी मात्र एकांतात मागितली, तर हिशेब अर्धाच चुकता होतो.

आईवडिलांनी मुलांची माफी मागण्याबाबतही हेच सारे लागू आहे. कलस्सैकर ३:२१ बापांना सांगते की मुलांना चिरडीस आणू नका, नाहीतर ती खिन्न होतील. मुलाची माफी मागितल्याने धाक जातो, ही भीती निराधार आहे.

(दृश्य: रोमी काळातले चांदीचे नाणे, दिनार.)

आता दुसरी बाजू. अपराध दुसऱ्याने केला आहे. मत्तय १८ मध्ये येशूचा शिष्य पेत्र विचारतो, किती वेळा क्षमा करू, सात वेळा का? येशू उत्तरात दोन कर्जांचा दाखला देतो. एका चाकरावर राजाचे दहा हजार हंडे कर्ज होते. तो हंडा म्हणजे सुमारे सहा हजार दिनार, आणि दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. गुणाकार केला तर सहा कोटी दिवसांची मजुरी होते. वर्षाला तीनशे दिवस काम धरले, तर दोन लाख वर्षे. राजा हे सगळे सोडतो. तोच चाकर बाहेर पडून सोबतीच्या चाकराचा गळा धरतो, त्याच्याकडून शंभर दिनार येणे असतात.

ते शंभर दिनार क्षुल्लक होते असे सर्रास शिकवले जाते. ती जवळजवळ चार महिन्यांची मजुरी आहे. कोणत्याही कष्टकरी घराला एवढी रक्कम बुडाली तर झळ बसेल. येशूने दुसऱ्याचे कर्ज खोटे ठरवलेले नाही. जे झाले ते काहीच नव्हते, असे मानून क्षमा होत नाही. नुकसान खरे आहे, त्याचा आकडा आहे, आणि मला माफ झालेल्या कर्जाचा आकडाही आहे. हे दोन्ही आकडे शेजारी ठेवायला तो दाखला शिकवतो.

बोलायला जाण्याचा क्रम त्याच अध्यायात १५ ते १७ या वचनांत आहे. पहिली भेट एकट्याने. तो ऐकेना तर आणखी एक-दोघांना घेऊन. हा साक्षीदारांचा नियम अनुवाद १९:१५ मधून आला आहे. तरीही ऐकेना तर मंडळीला कळवायचे. या क्रमात बिघाड बहुतेक वेळा पहिल्याच पायरीवर होतो. त्या माणसाशी बोलण्याआधी इतरांशी बोलले जाते, आणि ते ‘प्रार्थनेचा विषय’ म्हणून. त्याच्या कानावर जाईपर्यंत पाच जणांचे मत तयार झालेले असते आणि त्याला परतायला वाट उरत नाही. नीतिसूत्रे २५:९ यावर नेमके बोट ठेवते: वाद शेजाऱ्याशीच मिटव, दुसऱ्याचे गुपित उघडे करू नकोस.

दुसऱ्या पायरीवरचे लोक आपले पाठीराखे नसावेत. दोन्ही बाजू ऐकून ‘चूक तुझीही आहे’ असे आपल्याला सांगू शकेल, असा माणूस न्यावा. नीतिसूत्रे १८:१७ प्रमाणे, पहिला बोलतो तो खरा वाटतो, दुसरा येऊन त्याची तपासणी करेपर्यंत. ‘जिथे दोघे किंवा तिघे माझ्या नावाने जमतात’ हे लाडके वचन याच प्रसंगातले आहे. सभेला माणसे कमी आली की ते म्हटले जाते, पण प्रभूने ते वचन तंटा सोडवायला बसलेल्यांना दिले. त्या अवघड बैठकीत त्यांना त्याची फार गरज असते.

इफिसकर ४:२६ म्हणते, तुम्ही रागात असताना सूर्य मावळू नये. म्हणून काही घरांत मध्यरात्रीपर्यंत भांडण ताणले जाते, दमलेली माणसे नको ते बोलून बसतात. हे पत्र लिहिणारा प्रेषित पौल तिथे ४ थ्या स्तोत्राचे शब्द घेतो आणि ते स्तोत्र पुढे सांगते: अंथरुणावर आपल्या मनाशी विचार करा आणि स्तब्ध राहा. दिवस संपण्याआधी ‘मला राग आला आहे, पण मला तुझ्याशी तुटायचे नाही, उद्या सकाळी बोलू’ एवढे म्हटले तरी त्या वचनाचे पालन सुरू झाले. उद्या सकाळी खरोखर बोलायचे मात्र.

(दृश्य: दोन टेकड्या, मध्ये दरी.)

एक गोष्ट ठामपणे सांगायला हवी. मारहाण, लैंगिक अत्याचार, धमक्या असतील, तर ‘एकट्याने जा’ ही पायरी पीडित व्यक्तीवर लादायची नाही. १ शमुवेल २६ मध्ये जिवावर उठलेल्या शौलाच्या छावणीत दावीद शिरतो, त्याचा भाला उचलतो, पण त्याला दुसऱ्यांदा जिवंत सोडतो, आणि मग मधे मोठे अंतर राखून, दूरच्या डोंगरमाथ्यावरून बोलतो. शौल म्हणतो, मी चुकलो, माझ्या मुला, परत ये. दावीद त्याचा भाला परत करतो, सूड घेत नाही, पण त्याच्याबरोबर जात नाही. ‘दावीद आपल्या वाटेने गेला’ असे २५ वे वचन म्हणते. क्षमा करता येते आणि तरीही घरी परतता येत नाही, हे दोन्ही तिथे एकत्र आहे.

तक्रार नोंदवणे म्हणजे क्षमेचा अभाव, हेही खरे नाही. प्रेषितांची कृत्ये २३ मध्ये चाळीसहून अधिक माणसांनी पौलाला ठार मारण्याची शपथ घेतली. पौलाने आपल्या भाच्याला रोमी सरदाराकडे पाठवून कट उघड केला आणि सैनिकांच्या पहाऱ्यात तो तिथून निघाला. रोमकर १३:४ मध्ये सत्ताधारी वाईट करणाऱ्याला शासन करायला नेमलेला देवाचा सेवक आहे, असे तोच पौल लिहितो. पीडित लहान मूल असेल तर पाळकांनी किंवा मंडळीच्या वडीलजनांनी प्रकरण आपसात मिटवणे हा दुसरा अपराध ठरतो.

सगळे नीट करूनही समोरचे दार उघडले नाही तर? रोमकर १२:१८ मध्ये दोन अटी एकाच वाक्यात आहेत: शक्य असेल तर, आणि तुमच्याकडून होईल तितके. आपल्या वाट्याचे किती झाले ते तपासायचे. चूक नाव घेऊन कबूल केली का, भरपाई दिली का, पाठीमागे बोलणे थांबवले का. ते झाले असेल तर दर आठवड्याला त्याच्या मागे लागायचे नाही. त्याच्यासाठी प्रार्थना चालू ठेवायची, आणि त्याच्यावर वेळ आली तर २० व्या वचनाप्रमाणे वागायचे: भुकेला असेल तर खायला दे, तान्हेला असेल तर प्यायला दे.

वेळ लागतो. प्रेषितांची कृत्ये १५:३९ मध्ये मार्क या सोबत्याला बरोबर न्यायला पौल तयार नव्हता, आणि यावरून पौल आणि त्याचा सहकारी बर्णबा यांच्यात एवढा तीव्र वाद झाला की ते वेगळे झाले. मधल्या वर्षांत कोण कोणाकडे गेले, ते शास्त्रात लिहिलेले नाही. पण कलस्सैकर ४:१० मध्ये पौल मंडळीला सांगतो की मार्क आला तर त्याचे स्वागत करा, आणि २ तीमथ्य ४:११ मध्ये तुरुंगातून लिहितो: मार्काला बरोबर घेऊन ये, तो सेवेसाठी मला उपयोगी आहे.