तीन गुण की पाच?

[दृश्य: अंधारी खोली. मॉनिटरवर केशरी-पिवळ्या कड्यांच्या दोन रांगा.]

ही कडी म्हणजे एका माणसाचं हृदय. डावा खालचा कप्पा चकत्यांसारखा आडवा कापत गेलं की अशी दिसतात. वरच्या रांगेतलं हृदय धाप लागेपर्यंत चालवल्यानंतरचं, खालच्या रांगेत तेच हृदय, निवांत पडलेलं. रक्त पोहोचलं तिथे रंग भरलेला, कमी पडलं तिथे फिका.

या चाचणीला अजून सर्रास 'स्ट्रेस थॅलियम' म्हणतात. शिरेतून दिलेलं किरणोत्सारी औषध हल्ली बहुतेकदा टेक्नेशियम या दुसऱ्याच मूलद्रव्याचं असतं, पण नाव चिकटलं ते चिकटलं.

[दृश्य: एका कड्याच्या खालच्या बाजूवर कॅमेरा सरकत जातो.]

इथे बघा. वरच्या रांगेत कड्याची खालची बाजू जराशी फिकी आहे. हा स्कॅन दोन डॉक्टर वाचतायत. पहिले डॉक्टर म्हणतात, ही श्वासपटलाची, म्हणजे छाती आणि पोटामधल्या स्नायूच्या पडद्याची करामत. हृदयाच्या त्या बाजूचे किरण कॅमेऱ्यापर्यंत येताना वाटेत अडतात. दुसऱ्या डॉक्टरांना वाटतं, तिथे खरंच रक्त कमी पडतंय.

मग निकाल कसा लावायचा? श्वासपटल काही चालताना वेगळं आणि झोपल्यावर वेगळं नसतं. त्याची सावली असेल तर दोन्ही रांगांत सारखी पडायला हवी. खालच्या रांगेतही फिकेपणा आहे. पण तेवढाच आहे का? दोघांचं अडतं ते या 'तेवढाच'वर.

[दृश्य: सतरा घरांचं गोल चक्र. एकेका घरात आकडे उमटतात.]

रिपोर्ट देताना हृदयाचे सतरा भाग पाडतात. प्रत्येक भागाला शून्य ते चार गुण. शून्य म्हणजे उत्तम, चार म्हणजे रंगच नाही. परीक्षेच्या उलट, इथे जास्त गुण वाईट. पहिल्या डॉक्टरांनी खालच्या तीन घरांत लिहिलं एक, एक, एक. बेरीज तीन. दुसऱ्यांनी लिहिलं एक, दोन, दोन. बेरीज पाच.

भांडण एवढंच, दोन घरांत एकेका गुणाचं. पण रूढ मोजपट्टीवर तीनपर्यंत नॉर्मल आणि चारपासून दोष. नॉर्मल स्कॅनला वजन असतं. स्कॅन खरोखर नॉर्मल असेल, तर पुढच्या वर्षभरात हृदयविकाराचा झटका किंवा हृदयविकाराने मृत्यू येण्याचा धोका साधारणपणे एक टक्क्याच्याही खाली. ज्या देशात अँजिओग्राफीची सोय राजधानीतच आहे, तिथे या दोन गुणांवर कुणाचा तरी लांबचा प्रवास आणि कुटुंबाची पुंजी ठरते.

[दृश्य: कागदावर पेनाने मांडलेलं गणित.]

दोन वाचणाऱ्यांचं किती जुळतं, हे मोजायचं कसं? समजा, शंभर स्कॅन दोघांना दिले आणि चौऱ्याऐंशी ठिकाणी एकमत झालं. ऐकायला झकास. पण दोघंही शंभरात ऐंशी स्कॅनना नॉर्मल म्हणत असतील, तर डोळे मिटून शिक्के मारले तरी अडुसष्ट ठिकाणी एकमत होईलच. ते वजा करायला हवं. मानसशास्त्रज्ञ जेकब कोहेन यांनी १९६० साली त्यासाठी 'कप्पा' नावाचं माप दिलं. हा कप्पा हृदयाचा नव्हे, ग्रीक अक्षर. नशिबाच्या वर बत्तीस गुण मिळवायला जागा होती, दोघांनी मिळवले सोळा. कप्पा ०.५. म्हणजे मध्यम.

या मापातही एक गोम आहे. ढळढळीत नॉर्मल आणि ढळढळीत बिघडलेली हृदयंच निवडली, तर कुणाचाही कप्पा वर जातो. म्हणून 'आमच्याकडे उत्तम एकमत आहे' असं कुणी सांगितलं, की मी आधी विचारते, स्कॅन कोणते घेतले होते?

[दृश्य: जड शिशाच्या आवरणातला जनरेटर. त्यावर आठवड्याच्या वारांची चिठ्ठी.]

विकसनशील देशांत अडचण वाचनाच्या आधीच सुरू होते. टेक्नेशियम मिळतं ते या जनरेटरमधून. त्यातल्या मॉलिब्डेनमपासून टेक्नेशियम बनत राहतं, पण ते मॉलिब्डेनम दर सहासष्ट तासांनी निम्मं होतं. आठवड्याने उरतं जेमतेम सहावा हिस्सा. पुढचा जनरेटर विमानाने यायचा आणि विमान चुकलं, तर कमी मात्रेवर भागवावं लागतं. चित्र दाणेदार येतं. दाणेदार चित्रात ज्याला जे शोधायचं ते सापडतं.

आणि चाचणी तरी सगळीकडे एकसारखी कुठे होते? २०१३ मध्ये आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या पुढाकाराने पासष्ट देशांतल्या तीनशे आठ प्रयोगशाळांची पाहणी झाली. एका रुग्णाला मिळणाऱ्या किरणोत्साराची सरासरी कुठे २.२ मिलिसीव्हर्ट, तर कुठे २४.४. नाव तेच, चाचणी तीच.

[दृश्य: एकच खुर्ची, एकच मॉनिटर. दाराबाहेर फायलींचा गठ्ठा.]

माझ्या मते मात्र सगळ्यात मोठी उणीव यंत्राची नाही, ती या खोलीत दिसते आहे. खुर्ची एकच आहे. कितीतरी केंद्रांत स्कॅन वाचणारा एकच माणूस असतो. त्याच्याशी असहमत व्हायलाच कुणी नाही. आपण दर वेळी खालच्या बाजूला एक गुण जास्त देतो की कमी, हे त्याला कळणार कुठून? शिवाय समोरच्या फाइलवर 'मधुमेह, छातीत दुखतं' असं आधीच वाचलेलं असतं. डोळे मग फिकेपणा शोधतच निघतात. म्हणून आधी नुसतं चित्र वाचायचं, गुण लिहायचे आणि मगच फाइल उघडायची, ही शिस्त.

संगणक आहे की, असं कुणी म्हणेल. संगणकाचं स्वतःशी कधीच भांडण होत नाही, हे खरं. एकाच स्कॅनला आज पाच दिले, तर महिन्याने पाचच देईल. पण तो तुलना करतो ती साठवलेल्या नॉर्मल हृदयांशी. ती हृदयं वेगळ्या बांध्याच्या माणसांची असतील, तर तो ठामपणे चुकतो. शेजारच्या आतड्यात औषध साचलं असेल, तर कधी तेच हृदयाची भिंत समजून आखतो. छोट्या हृदयात तर कॅमेऱ्यालाच आतली पोकळी नीट दिसत नाही आणि पंपिंग आहे त्यापेक्षा चांगलं दिसतं.

खरा उपयोग होतो तो जुने स्कॅन नावं झाकून दुसऱ्या केंद्राला पाठवण्याचा. त्यातलेही मधलेच, तीन की पाच असे. एखादा आपलाच जुना स्कॅन पुन्हा आपल्याकडे येतो. ओळखू येत नाही आणि गुण वेगळे पडतात. मग मात्र माणूस दुसऱ्याला नावं ठेवताना जरा थांबतो.

[दृश्य: पुन्हा पहिला रुग्ण. तंत्रज्ञ त्याला पालथं झोपायला मदत करतोय.]

या रुग्णापुरता एक उपाय शिल्लक आहे. पालथं झोपवलं की हृदय आणि श्वासपटल किंचित सरकतात. सावली असेल तर निघून जाते. कॅमेरा पुन्हा फिरतो.

[दृश्य: नवी कडी. दोन्ही डॉक्टर मॉनिटरसमोर.]

खालची बाजू भरली. दुसरे डॉक्टर आपले पाच खोडतात. पण पालथ्या चित्रात समोरच्या बाजूला कधीकधी नवाच फिकेपणा उमटतो. इथेही एक पुसट पट्टा दिसतोय.

दोघंही खुर्च्या पुढे ओढतात.